रीत राखणारा, रान राखणारा

मिशिगनमध्ये राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "आमच्या शेजारचे आजोबा दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातात. मत रिपब्लिकन पक्षाला. सरकारचं नाव काढलं की कपाळावर आठ्या. ते स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवतात आणि त्याच दमात कॉन्झर्वेशनिस्टही. गावी आईला फोनवर सांगितलं, 'शेजारी पुराणमतवादी आहेत आणि शिकार करून निसर्गसंवर्धन करतात', तर ती म्हणाली, 'म्हणजे सोवळं नेसून बंदूक चालवतात का रे?' मराठीत हे नीट कसं सांगायचं?"

आधी आईंना दाद. त्यांच्या कानाने शब्दातली खोट बरोबर पकडली.

'पुराणमतवादी' ऐकलं की मराठी माणसाला आठवतं ते एकोणिसाव्या शतकातलं पुणं. विधवांचं केशवपन, संमतिवयाचा वाद, १८८८ साली आगरकरांनी काढलेलं 'सुधारक' आणि त्यावर खवळलेले लोक. या शब्दाला त्या भांडणाचा वास आहे आणि तो जात नाही. कोणी स्वतःहून 'मी पुराणमतवादी' अशी ओळख करून देत नाही, हा शब्द दुसऱ्याला चिकटवायचा असतो. मिशिगनचे आजोबा मात्र कॉन्झर्व्हेटिव्ह हा शब्द छातीवर बिल्ला लावावा तसा लावतात. बिल्ल्याचं भाषांतर शिवीने केलं तर आई हसणारच.

ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षासाठी मराठीत एक झकास शब्द होता, 'हुजूर पक्ष'. समोर 'मजूर पक्ष'. हुजूर आणि मजूर, निवडणुकीची सगळी बातमी दोन शब्दांत. पण हुजूर म्हणजे दरबार, बडे जमीनदार, उमराव. तो शब्द तिकडचा, आणि तोही जुन्या काळचा. मिशिगनमधला निवृत्त कामगार हुजूर कसा होईल?

लिहिताना मी 'परंपरावादी' वापरतो आणि बोलताना 'जुन्या वळणाचे'. दुसरा मला जास्त आवडतो, कारण त्यात हेटाळणी नाही आणि थोडी माया आहे. फक्त त्यात राजकारण येत नाही, ते वेगळं सांगावं लागतं.

राजकारण काय, ते अठराव्या शतकातल्या एडमंड बर्क या ब्रिटिश राजकारणी-विचारवंतापासून सांगतात. बर्कच्या हयातीत कॉन्झर्व्हेटिव्ह नावाचा पक्ष नव्हता. तो व्हिग पक्षाचा. पण १७९० साली फ्रेंच राज्यक्रांतीवर त्याने जे लिहिलं, त्यावर पुढच्या सगळ्या परंपरावाद्यांनी आपलं घर बांधलं. त्याचा एक विचार असा, की समाज ही भागीदारी आहे, आणि ती फक्त जिवंत माणसांची नव्हे: गेलेल्यांची, असलेल्यांची आणि अजून जन्माला न आलेल्यांचीही. वाडवडिलांनी दिलेलं आपण मोडायचं नाही, पुढच्यांना द्यायचं. या बर्कचा मराठी माणसाशी प्रत्यक्ष संबंध आला होता. १७८१ साली राघोबादादांनी इंग्लंडला पाठवलेले वकील हनुमंतराव लंडनला पोहोचले. ब्राह्मण माणूस, परक्याच्या हातचं खाणार नाही. बर्कने आपल्या बीकन्सफील्डच्या घरी त्यांना बोलावलं आणि बागेतलं काचघर रिकामं करून दिलं, की इथे तुमचा स्वयंपाक करा, तुमचे आचार पाळा. आईंना सोवळं उगाच नाही आठवलं!

आता दुसरा शब्द, कॉन्झर्वेशन. तो अमेरिकेत रुजवला गिफर्ड पिंचो यांनी. १९०५ साली अमेरिकी वनसेवा सुरू झाली, तिचे हे पहिले प्रमुख. थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष होते, आणि १९०८ साली त्यांनी राज्यांच्या गव्हर्नरांची व्हाइट हाऊसमध्ये परिषद भरवली ती याच विषयावर. हा शब्द सुचताना डोक्यात काय होतं ते पिंचो यांनी आपल्या आठवणींत सांगितलं आहे: ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सरकारी जंगलांच्या विभागांना कॉन्झर्व्हन्सी म्हणत आणि त्यांच्या अधिकाऱ्यांना कॉन्झर्व्हेटर. म्हणजे ही आपल्याकडूनच गेलेली चीज आहे. मुंबई इलाख्यात १८४७ साली कॉन्झर्व्हेटर नेमले गेले ते डॉ. अलेक्झांडर गिब्सन, पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक. त्या हुद्द्याला आज आपण वनसंरक्षक म्हणतो. आणि गस्त घालत रान तुडवतो तो वनरक्षक. मध्ये फक्त एक 'सं', पण त्या एका उपसर्गात किती पगारश्रेणी मावतात ते वनखात्यातल्या कोणालाही विचारा.

(कॉन्झर्व्हन्सीचं आपल्याकडे पुढे काय झालं? पालिकेत तो सफाईचा शब्द झाला. मुंबईच्या दोन चाळींच्या मधली, पाइप आणि उंदीर असलेली हाऊस गल्ली म्हणजे कॉन्झर्व्हन्सी लेन. शब्दांचं नशीब.)

तर दोन्ही इंग्रजी शब्दांच्या पोटात लॅटिनचा एकच धातू आहे, त्याचा अर्थ राखणे. आणि इथे मराठीला उसनं काही आणावं लागत नाही, कारण आपलं 'राखणे' दोन्ही कामं आधीपासून करतं. संस्कृत 'रक्ष्' प्राकृतातून आपल्याकडे 'राख' झाला आणि घरभर पसरला. रीत राखायची, मान राखायचा, शब्द राखायचा, आणि शेत राखायचं, रान राखायचं. कोकणात गावाचा राखणदार असतो, तो देवही असतो. सरकारी कागदावर राखीव वन असतं. जोंधळा हुरड्यात आला की माळ्यावर गोफण घेऊन बसायला पोराला पाठवत, ती राखण. 'संवर्धन', 'संरक्षण', 'जतन' हे शब्द चांगलेच आहेत, पण त्यांतला एकही शब्द रीत आणि रान या दोघांना एकाच हाताने धरत नाही.

राखणीची मजुरीही असते. दळणावळ, शिवणावळ, तशी राखणावळ. आजोबा स्वतःला रान राखणारा म्हणवतात त्याला आधार आहे तो या राखणावळीचा.

१९३७ साली अमेरिकेत पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसं यांवरचा उत्पादन शुल्काचा पैसा, लांब नळीच्या बंदुकांवर आता ११ टक्के, सरकारच्या सामाईक तिजोरीत न टाकता थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांना द्यायचा, असं ठरलं. वाटणी राज्याचं क्षेत्रफळ आणि परवानाधारक शिकाऱ्यांची संख्या पाहून. आणि एक पाचर: ज्या राज्याने शिकार परवान्यांची फी दुसऱ्या कामाला वळवली, त्याला हा पैसा मिळणार नाही. त्याआधी १९३४ पासून पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला दरवर्षी एक तिकीट विकत घ्यावं लागू लागलं, तेव्हा १ डॉलरचं, आता २५. त्या पैशातून पाणथळी विकत घेतल्या जातात. पहिल्या तिकिटावरचं बदकांचं चित्र काढलं ते डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराने.

याची गरज का पडली, तर त्याआधी बाजारासाठी मारणाऱ्यांनी रानं रिकामी केली होती. पॅसेंजर पिजन हे कबूतर थव्याने आभाळ झाकायचं, त्यातलं शेवटचं १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. आजोबांचं हरीण (खरं म्हणजे आपल्या चितळ-सांबराच्या कुळातलं, दरवर्षी शिंगं गाळणारं) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही लाखांवर आलं होतं, आज ते कोटींच्या घरात आहे.

पण आजोबांना एक चिमटा काढायला हवा. सरकार नको म्हणणारा हा माणूस ज्या शिकारीचा अभिमान बाळगतो, तिच्यात सरकार पावलोपावली आहे. मिशिगनमध्ये बंदुकीचा हंगाम १५ नोव्हेंबरला उघडतो. परवाना हवा, अंगावर भगभगीत नारिंगी हवं. हरीण पडलं की तिथल्या तिथे त्याला टॅग बांधायचा, आणि ७२ तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं. तपासायला जो गणवेशातला माणूस येतो त्याचा हुद्दा कॉन्झर्वेशन ऑफिसर. शिवाय रानातलं हरीण कोणाच्याच मालकीचं नाही, ते लोकांचं आणि राज्य त्याचं विश्वस्त, हे तिथलं कायद्याचं तत्त्व. याहून समाजवादी हरीण कुठे सापडायचं? आणि राखणावळीतही हल्ली मोठा वाटा अशा लोकांचा असतो, ज्यांनी पिस्तूल घेतलं ते शिकारीसाठी नव्हेच. राहता राहिला रूझवेल्ट. शिकारी रिपब्लिकन म्हणून परंपरावादी आज त्याच्यावर हक्क सांगतात, पण त्याच्या काळातले त्याच्याच पक्षातले परंपरावादी त्याला वैतागले होते.

आजोबांकडे याला उत्तर असेल: हे नियम वरून लादले गेले नाहीत, कर आम्हीच मागून घेतला, पैसा आमच्या राज्यात आमच्या रानासाठीच येतो. मला ते बरंचसं पटतं. सरकार असण्यापेक्षा सरकार दूरचं असण्याला त्यांचा आक्षेप असतो, आणि 'सरकारविरोधी' हा आपल्या वर्तमानपत्रांचा ठोकळा शब्द तो फरक पुसून टाकतो.

इथेच 'लिबर्टी'चं मराठी अडतं. 'तिथे शिकारीची मुभा आहे' असं आपण सहज लिहितो. मुभा हा अरबी 'मुबाह'वरून आलेला, म्हणजे ज्याला मनाई नाही ते. मुभा कोणीतरी दिलेली असते, आणि दिलेली वस्तू काढून घेता येते. परंपरावादी अमेरिकन नेमकं हेच नाकारतो: स्वातंत्र्य सरकारने दिलेलं नाही, ते आधीपासून आहे, सरकारने फक्त ते राखायचं. (पुन्हा राखणे!) म्हणून तिथे शिकारीचा हक्क राज्यघटनांतच लिहून ठेवलेला सापडतो. व्हरमाँटने तो १७७७ साली लिहिला, फ्लोरिडाच्या मतदारांनी २०२४ साली. अशा ठिकाणी 'हक्क' लिहा, मुभा नको. परवाना, मुभा, हक्क या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. गंमत म्हणजे इंग्रजीत 'लायसन्स' म्हणजे परवाना आणि स्वैराचारही.

हा फरक रस्त्यावर दिसला तो लंडनमध्ये, २२ सप्टेंबर २००२ रोजी. शिकारी कुत्र्यांचे ताफे घेऊन कोल्ह्याच्या मागे घोडे फेकण्यावर बंदी येणार म्हणून चार लाखांहून अधिक गावाकडचे लोक मोर्च्याला आले. मोर्च्याचं नाव 'स्वातंत्र्य आणि उपजीविका'. बंदी आलीच, कायदा २००४ चा. तिथलं 'आम्ही निसर्ग राखतो' मला मिशिगनइतकं पटत नाही. कोल्हा संपत आला नव्हता, आणि राखणावळीचा हिशोबही असा उघड मांडलेला नव्हता. ते भांडण रानापेक्षा रीतीचं जास्त होतं.

शेवटचा अडथळा 'शिकार'. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या मराठी माणसाला शिकार म्हणजे गुन्हा, नाहीतर भिंतीवरचं राजेसाहेबांचं वाघाचं मुंडकं. 'शिकार करून संवर्धन' हे त्याच्या कानाला 'चोरी करून बचत' असं लागतं. फारसी शिकारीआधीचा आपला शब्द पारध. कोशकार तो संस्कृत 'पापर्द्धि'पर्यंत नेतात, फोड केली तर पापाची भरभराट. म्हणजे मृगया राजाची असली तरी पारधीबद्दल भाषेच्या मनात किंतू जुनाच. तरी गावाला रानडुकराची पारध हा पीक राखण्याचा भाग वाटे. आज परवानगीशिवाय ती करता येत नाही, पण राखण आणि पारध एका वाक्यात बसत होती, हे आईंना नक्की माहीत असेल.

तेव्हा पुढच्या फोनवर असं सांगून पाहा: "आई, शेजारचे आजोबा जुन्या वळणाचे आहेत. सरकारने उंबऱ्याच्या आत येऊ नये असं त्यांचं मत. हंगामात एखादं हरीण मारतात, आणि बंदूक-काडतुसांवरच्या करातून रानाची राखणावळ भरतात." कॉन्झर्व्हेटिव्ह आणि कॉन्झर्वेशनिस्ट हे दोन्ही शब्द न काढता. टॅगला मात्र टॅगच म्हणा.