आदेश आहे, तरी तो दारात येतो

प्रश्न : धाकटी बहीण माहेरी आहे. तिच्याजवळ यायला कोर्टाने मेव्हण्याला मनाई केली. तरी मंगळवारी रात्री तो पिऊन आला, तासभर कडी वाजवत होता. मग या कागदाचा उपयोग काय?
– एक भाऊ, चोपडा तालुका

उत्तर : दादा, कागद दार अडवत नाही, हे खरंच आहे. धुळ्याकडची एक बाई आदेशाची प्रत पिशवीत गुंडाळून ज्वारीच्या कोठीत ठेवायची. नवरा आला त्या रात्री ती कोठीपर्यंत पोचलीच नाही. सकाळी माझ्याकडे आली ती हात गळ्यात बांधून. तेव्हापासून मी आधी विचारते, प्रत कुठे आहे?

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात असा आदेश मोडणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलिसांना वॉरंट लागत नाही. पण हे सगळं तो आल्यानंतरचं, आणि कुणी कळवलं तरच. पोलीस ठाण्याला प्रत कोर्टाकडूनच मोफत जायला हवी. पोचली का, ते तुम्ही स्वतः जाऊन बघा. ‘घरचं भांडण आहे’ म्हणून परत पाठवलं, तरी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मंगळवारची वेळ, कोणी शेजाऱ्यांनी ऐकलं, सगळं लिहून संरक्षण अधिकाऱ्यालाही (या कायद्याखाली पीडित बाईच्या मदतीला सरकारने नेमलेला अधिकारी) द्या. पुन्हा आला तर दार उघडून समजूत घालू नका, आधी ११२ लावा.

आणि केळीला रात्री पाणी भरायला जाल, तेव्हा तिला घरात एकटी सोडू नका.