कुत्र्याचं नवं पिल्लू आणलंय? आधी पट्ट्याचं पाहा

भाऊ, ढोराचं दावं पिल्लाच्या गळ्यात बांधू नका; ओढलं की फास बसतो. कापडी पट्टा घ्या, आत दोन बोटं सरकतील एवढाच सैल. त्यावर न पुसणाऱ्या शाईनं मोबाइल नंबर लिहा. पिल्लू झपाट्यानं वाढतं, म्हणून दर आठवड्याला बोटं घालून पाहा. नवे लोक इथंच चुकतात: पट्टा रुततो, मग काढूनच टाकतात.

पहिले 15 दिवस वावरात मोकळं सोडू नका. भाकरीचा तुकडा घेऊन नावानं बोलवा, आलं की लगेच द्या. उशिरा आलं म्हणून मारलं, तर पुढं हाकेला येणारच नाही.

जंगलालगतच्या गावात रात्री अंगणात बांधणं म्हणजे बिबट्याला ताट वाढणं. दार लावून आतच ठेवा. दिवाळीच्या फटाक्यांतही तेच. 3 महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या.