कलानुसार नोकरी मिळाली की माणूस कामात सुखी होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 32, राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी, शाखा तालुक्याच्या गावी. एका ऑनलाइन चाचणीत स्वभाव 'अंतर्मुख' आणि कल, म्हणजे कुठल्या प्रकारच्या कामात मन रमतं ते, 'कलात्मक' निघाला. सकाळी शाखेत जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. कल आणि स्वभाव नोकरीशी जुळत नाही म्हणूनच हे होतंय का, आणि राजीनामा देऊन चित्रकलेकडे वळावं का?

मला वाटतं, तुमच्या त्रासाचं मुख्य कारण त्या निकालात नाही. मी औद्योगिक मानसशास्त्र शिकले, बरीच वर्षं कारखान्यांच्या एचआरमध्ये काढली आणि आता कल चाचण्या घेऊन पोट भरते. 'कल जुळला की सगळं जुळलं' असं सांगण्यात माझाच धंदा आहे. पण आकडे तसं म्हणत नाहीत.

कल मोजण्याची आज सगळ्यात जास्त वापरली जाणारी चौकट जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात भरती झालेल्यांच्या मुलाखती घेऊन त्यांची विभागणी करायचा. माणसांच्या कामाचे इतिहास मोजक्याच प्रकारांत बसतात, हे त्याला तिथे दिसलं. 1959 मध्ये त्याने सिद्धांत मांडला. त्यात सहा प्रकार आहेत: हातांनी आणि यंत्रांवर काम करणारे, शोध घेणारे, कलावंत, माणसांना शिकवण्यात-मदत करण्यात रमणारे, माणसं पटवून काम काढून घेणारे, आणि नोंदी-नियम-हिशेबात रमणारे. कोणीच एका खान्यात पूर्ण बसत नाही, म्हणून सगळ्यात जास्त लागू पडणारे तीन प्रकार घेतात. आपला प्रकार आणि कामाचा प्रकार जितका जवळ तितकं समाधान जास्त, हा त्याचा दावा.

दावा खोटा नाही, पण फार माफक आहे. केव्हिन हॉफ आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये 105 अभ्यास एकत्र करून तपासले, जवळपास 40 हजार लोकांचे. कलाची जुळणी आणि कामातलं समाधान यांचा सहसंबंध (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण) निघाला 0.19. म्हणजे असं समजा, की ज्यांचा कल कामाशी सरासरीपेक्षा चांगला जुळतो असे 100 लोक घेतले, तर त्यांतले साधारण 56 सरासरीपेक्षा जास्त समाधानी असतील. कलाचा काहीच संबंध नसता तर हा आकडा 50 असता. सहा जणांचा फरक. त्यासाठी कोणी राजीनामा द्यावा असं मला वाटत नाही.

इतका कमी का? एक कारण सरळ आहे. ज्यांचं अजिबात जुळत नाही ते बऱ्याचदा आधीच सोडून गेलेले असतात, त्यामुळे मोजमापात उरतात ते बऱ्यापैकी जुळलेले. दुसरं, कल हा कामातल्या कृतींबद्दल असतो. साहेब कसा आहे, पगार पुरतो का, घर किती लांब आहे, रजा मागताना घसा कोरडा पडतो का, यातलं काहीही त्यात येत नाही. आणि तिसरं कारण तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्याकडे थोड्या वेळाने येते.

आधी स्वभावाचं. चार अक्षरांचा 'टाइप' देणाऱ्या चाचण्या व्हॉट्सअ‍ॅपवर खूप फिरतात. त्या माणसाला मधोमध रेघ मारून अंतर्मुख किंवा बहिर्मुख ठरवतात. बहुतेक माणसं मध्याच्या आसपासच असतात, त्यामुळे महिन्याभराने तीच चाचणी दिली तर अक्षर पालटू शकतं. संशोधक पाच गुणांच्या पट्ट्या वापरतात: बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता, सौजन्य, नव्या अनुभवांबद्दलचा खुलेपणा आणि भावनिक अस्थिरता, म्हणजे लवकर चिंता, चिडचिड, उदासी येण्याची प्रवृत्ती. टिमोथी जज, डॅनियल हेलर आणि मायकेल माउंट यांनी 2002 मध्ये या पाचांचा कामातल्या समाधानाशी संबंध तपासला. भावनिक अस्थिरता उणे 0.29 (म्हणजे ती जास्त तर समाधान कमी), कर्तव्यदक्षता 0.26, बहिर्मुखता 0.25, सौजन्य 0.17. खुलेपणा 0.02, म्हणजे शून्यच. पाचही एकत्र धरले तर 0.41.

म्हणजे कल जुळण्यापेक्षा स्वभावाचं पारडं जड. आणि इथे एक गोष्ट नीट वाचा. हे आकडे स्वभाव कामाशी 'जुळण्याचे' नाहीत, काम कुठलंही असो, स्वभावाचे आहेत. बहिर्मुख माणूस समाधानी असतो तो त्याला गर्दीचं काम मिळालं म्हणूनच असं नाही. त्याला एकूणच आनंद जास्त वाटतो, घरीही आणि ऑफिसातही. 'मी अंतर्मुख, म्हणून बँक माझ्यासाठी नाही' हे अनुमान त्यातून निघत नाही. शांतपणे कर्जाची फाइल तपासणारे, कागदातली खोट नेमकी पकडणारे अंतर्मुख अधिकारी प्रत्येक बँकेला हवे असतात.

बॅरी स्टॉ आणि जेरी रॉस यांनी 1985 मध्ये अमेरिकेतल्या मध्यमवयीन पुरुषांची माहिती पाहिली, तेव्हा कामाबद्दलची नाराजी कंपनी आणि व्यवसाय बदलल्यावरही बऱ्याच अंशी माणसाबरोबर गेलेली आढळली. 1989 मध्ये मिनेसोटात, लहानपणीच वेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या 34 जोड्या अभ्यासल्या, तर समाधानातला साधारण 30 टक्के फरक आनुवंशिक निघाला. हे ऐकून 'नशीबच फुटकं' म्हणून बसू नका. उरलेले 70 टक्के आहेतच, आणि स्वभावही दगडाची रेघ नाही. विशीपासून चाळिशीपर्यंत बहुतेकांची भावनिक स्थिरता आणि कर्तव्यदक्षता हळूहळू वाढत जाते.

म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न: आधीच्या शाखेत कसं वाटायचं? त्याआधी कॉलेजात? दोन आठवड्यांची रजा घेतली तर गोळा जातो का, की तो घरीही असतो? सगळीकडे असेल तर नोकरी बदलण्याआधी मनाकडे बघा. झोप आणि भूक गेली असेल तर नक्कीच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

पण गोळा फक्त याच शाखेत, गेल्या दोन-तीन वर्षांतच आला असेल, तर आता ते तिसरं कारण. नोकरीचं नाव एक असतं आणि रोजचं काम भलतंच. बँकेची परीक्षा देणारी अनेक मुलं हिशेब, नियम, स्थैर्य यांच्या ओढीने येतात. हॉलंडच्या भाषेत तो सहावा प्रकार. शाखेत बसल्यावर मात्र दिवसाचा मोठा भाग जातो विमा खपवण्यात, म्युच्युअल फंडाचं टार्गेट गाठण्यात, थकीत कर्जदाराच्या दारात उभं राहण्यात, आणि संध्याकाळी विभागीय कार्यालयाच्या व्हिडिओ कॉलवर 'आज किती केले?' ऐकण्यात. हा पाचवा प्रकार, पटवणाऱ्यांचा. खुर्ची तीच, पद तेच, काम दुसऱ्याच खान्यातलं. पेन्शन काढायला आलेल्या आजोबांना पॉलिसी घ्या म्हणताना जीभ अडखळते, तेव्हा त्याचा चित्रकलेशी काय संबंध? चित्रं न काढणाऱ्यालाही ते नकोसंच वाटेल.

दुसरी शक्यता, कामावर आपला ताबा नसणं. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा दुसरा व्हाइटहॉल अभ्यास 1985 मध्ये सुरू झाला, दहा हजारांहून जास्त लोकांचा. काम कसं आणि कधी करायचं यावर ज्यांचं नियंत्रण कमी, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. कल जुळण्या-न जुळण्याची गोष्ट यापुढे मला फारच हलकी वाटते. कारखान्यातही मी हेच पाहिलं. यंत्राचा वेग स्वतः ठरवता येणारा टूल रूममधला माणूस कुरकुरत का होईना, टिकायचा. असेंब्ली लाइनवरचा, त्याच आयटीआयचा, त्याच गावचा, दर आठवड्याला बदली मागायचा.

मग चाचणी फेकून द्यायची का? नाही. दिशा निवडताना ती उपयोगी पडते, आणि कल जुळलेला माणूस काम चांगलं करतो, त्यात टिकतो, यालाही आधार आहे. फक्त वेळ पाहावी लागते. कल साधारण 18 ते 22 या वयात स्थिरावतो आणि पुढे दोनेक दशकं बराचसा तसाच राहतो. त्यामुळे आपल्या राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली, तेव्हा 'गणवेशधारी सेवा' असा निकाल आलेल्या पोरांच्या आईबापांची झालेली धावपळ मला जरा करुणच वाटायची. तुमचं वय मात्र बत्तीस आहे. 'कलात्मक' आलं असेल तर ते बहुधा खरं आहे. फुकटच्या पानावरची न घेता पूर्ण चाचणी द्या, निकाल समोर बसून समजावणाऱ्याकडे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीत, ठाण्यात आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेत अशी सोय आहे.

चित्रकलेचाही रोजचा दिवस तपासा. स्वतंत्रपणे चित्रं करणाऱ्याचा कितीतरी वेळ गिऱ्हाईक शोधण्यात, भाव ठरवण्यात, 'जरा लाल कमी करा' ऐकण्यात आणि अडकलेले पैसे मागण्यात जातो. म्हणजे पुन्हा तोच पाचवा प्रकार, आणि इथे पहिल्या तारखेला पगार नाही. शिवाय नवं काम सुरुवातीला गोडच लागतं. वेंडी बॉसवेल आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये नोकरी बदललेल्या व्यवस्थापकांचा मागोवा घेतला, तर नोकरी बदलल्यावर समाधान झपाट्याने वर गेलं आणि मग खाली आलं.

तुमच्या जागी मी आधी बँकेतल्या बँकेतच हलून बघेन. क्रेडिट प्रोसेसिंगचं केंद्र, अंतर्गत तपासणी, प्रशिक्षण केंद्र, मुख्यालयातला प्रसिद्धी विभाग, इथे विमा विकावा लागत नाही किंवा फार कमी लागतो. बदलीचा अर्ज करताना कारणात 'कल जुळत नाही' लिहू नका, कोणी वाचणार नाही. कुठल्या कामाचा अनुभव आहे आणि कुठे उपयोगी पडेन, एवढंच लिहा. तोवर रोज घरी आल्यावर दोन ओळी टिपून ठेवा, आज नेमकं कुठल्या कामाने जीव नकोसा झाला. महिन्याभरात दिसेल की नकोसं बँकिंग आहे, विक्री आहे, की फक्त एक साहेब.

आणि चित्रांचं पहिलं पैसे देणारं काम घेण्याआधी तुमचे सेवानियम वाचा. बँक अधिकाऱ्याला बाहेरच्या उत्पन्नासाठी बहुतेक वेळा लेखी परवानगी लागते, ती मागायला लाजू नका.