माफ करा, पण स्टॅम्प पेपरवर नको

प्रश्न : मी यावल तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. ‘वीजबिल अपडेट नाही, आज रात्री कनेक्शन कापू’ असा फोन आला. त्याने सांगितलेलं ॲप टाकलं, दहा रुपये भरले आणि खात्यातून १,६०,००० रुपये गेले. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवलं, जळगावच्या सायबर पोलिसांत गुन्हा नोंदला. पैसे आधी ज्या खात्यात गेले ते अमळनेर तालुक्यातल्या १९ वर्षांच्या मुलाचं निघालं. पाच हजारांसाठी त्याने पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम कुणाला तरी देऊन टाकलं होतं. त्या खात्यात ३८,००० गोठवलेले आहेत. मुलाची आई घरी आली, ‘माय, मना आंडोर चुकना (माझा मुलगा चुकला), त्याले माफ करी टाका,’ म्हणून रडली. माझा राग आता उरलेला नाही. मुलाचे मामा साठ हजार देतो म्हणतात. त्या बदल्यात पाचशेच्या स्टॅम्पवर ‘गैरसमजातून तक्रार दिली, कोणाविरुद्ध काही म्हणणं नाही’ असं लिहून हवंय. माझा मुलगा म्हणतो, आई, तू वेडी आहेस. काय करू?

उत्तर : ताई, माफ करायचं की नाही हे तुमच्या मुलाने ठरवायचं नाही आणि मीही नाही. मात्र त्या स्टॅम्पवर सही करू नका.

एफआयआर नोंदला की तुम्ही फिर्यादी उरता, खटला सरकारचा होतो. नोटरीपुढे काहीही लिहून दिलं तरी पोलिसांचा तपास त्याने थांबत नाही. शिवाय ‘गैरसमजातून’ हा शब्द सरळ खोटा आहे. उद्या साक्षीला उभ्या राहिलात की तोच कागद तुमच्यापुढे धरला जाईल. तो खरा म्हणालात तर एफआयआर खोटा ठरतो, एफआयआर खरा म्हणालात तर कागद. शपथेवर खोटी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ज्याला माफ करायचं त्याच्यासाठी आपणच आरोपी व्हायचं, हे कुठलं औदार्य?

साठ हजारांचंही तसंच. जो गुन्हा कायद्याने आपसात मिटवता येत नाही, त्यात ‘कारवाई करणार नाही’ या बोलीवर पैसे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २५० खाली गुन्हा आहे. पैसे मुळात आपलेच होते, हा बचाव तिथे चालत नाही. आणि ‘कोणाविरुद्ध काही म्हणणं नाही’ म्हटलंत की उरलेल्या लाखावर, बँकेकडे काही मागायचं असेल तर त्यावरही, पाणी सोडल्यासारखंच.

मग तुमचा गुन्हा मिटवता येतो का? अशा प्रकरणात साधारणपणे चार कलमं लागतात. न्याय संहितेचं ३१८(४) फसवणुकीचं आणि ३१९(२) तोतयेगिरीचं. ही दोन्ही तडजोडपात्र आहेत, म्हणजे आपसात मिटवता येतात; ३१८(४) ला न्यायालयाची परवानगी लागते, ३१९(२) ला नाही. परवानगीसाठी दोघांनी तडजोड पुरसिस (लेखी निवेदन) द्यायची, सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, येतो, मग मॅजिस्ट्रेट ठरवतात. घोडं अडतं ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी (दुसऱ्याची ओळख चोरणं) आणि ६६डी (संगणक-मोबाइल वापरून तोतयेगिरी) वर. त्या कायद्याचं कलम ७७ए तडजोडीला वाट देतं खरी, पण गुन्हा स्त्रीविरुद्ध किंवा १८ वर्षांखालच्या मुलाविरुद्ध असेल तर ती वाट बंद. तुमच्या जागी तुमचे यजमान फिर्यादी असते तर निदान अर्ज तरी करता आला असता! स्त्रीवर दबाव आणून प्रकरण दाबलं जाऊ नये म्हणून केलेली ही तरतूद आहे. मामा स्टॅम्प घेऊन दारात उभे आहेत हे पाहता ती अगदीच अनाठायी नाही, असं माझं मत.

उरतं मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ५२८ खाली, तुमच्या संमतीचं प्रतिज्ञापत्र जोडून, गुन्हा रद्द करण्याचा अर्ज तिथे होतो. तो आरोपीने करायचा, खर्चही त्याचा. पण भाड्याने दिलेल्या खात्यात सहसा एकाच माणसाचे पैसे येत नाहीत. दुसऱ्या जिल्ह्यातल्या, दुसऱ्या राज्यातल्या कुणाच्या तक्रारीतही हाच खातेक्रमांक असू शकतो. तुमची माफी त्यांच्या वतीने होत नाही आणि अशी साखळी दिसली की न्यायालयं गुन्हा रद्द करायला राजी नसतात. पोलिसांनी न्याय संहितेचं संघटित गुन्हेगारीचं कलम १११ लावलं तर किमान शिक्षाच पाच वर्षं. त्यामुळे त्या माउलीला ‘सगळं मिटवते’ असा शब्द देऊ नका.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. तुम्हाला फोन करणारा हा पोरगा नव्हे. त्याच्याकडून पासबुक नेणारा कोण, ते कुठे दिलं, सिम कुणाच्या नावाचं, हे त्याला ठाऊक आहे. त्याच्या मोबाइलमधले मेसेज अजून शाबूत असतील तर त्यांचं मोल साठ हजारांहून जास्त आहे. त्याच्या आईला सांगा : पोराला वकील द्या आणि तपास अधिकाऱ्यापुढे सगळं खरं सांगू द्या, मोबाइलमधलं काही पुसू नका. कायद्यात माफीच्या साक्षीदाराची तरतूद आहे, सुरक्षा संहितेचं कलम ३४३. जळगावचे मुख्य न्यायदंडाधिकारी ती माफी देऊ शकतात. अट एकच, स्वतःच्या हिश्शासकट काही लपवायचं नाही. मिळेलच असं नाही, पण या पोरासाठी मला यापेक्षा चांगला रस्ता दिसत नाही.

दोषी ठरलाच तरी १९५८ चा परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा आहे. २१ वर्षांखालच्या आरोपीला तुरुंगात पाठवायचं तर न्यायालयाला कलम ६ खाली तशी कारणं लिहावी लागतात. खटला लांबून त्याने २१ ओलांडली तर ते कलम सुटतं, पण चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचं कलम ४ राहतंच. त्या वेळी सरकारी वकिलांमार्फत सांगा की माझा राग नाही. जामिनाचा प्रश्न आला तर हरकत नाही म्हणा. साक्षीत मात्र जे घडलं तेच, तसंच. फितूर व्हायचं नाही.

पैशाचं थोडक्यात. गोठवलेले ३८,००० परत मिळावेत म्हणून सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. सुपूर्तनाम्यावर, म्हणजे न्यायालयाने मागितले तर परत देण्याच्या हमीवर, मिळू शकतात. मुलाच्या घरच्यांना पैसे द्यायचेच असतील तर बिनशर्त, बँकेतून, तपास अधिकाऱ्याला लेखी कळवून. रोख घेऊ नका, मामांच्या हातून तर नकोच.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जळगावच्या जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय आहे. एफआयआरची प्रत, बँकेचा उतारा आणि १९३० चा पावती क्रमांक सोबत न्या. मामांनी स्टॅम्पचा मसुदा ठेवून दिला असेल तर तोही न्या.