वाचक विचारतात : लग्न एक, तारखा दोन

प्रश्न : गायक डेव्हिड बोवी आणि मॉडेल इमान यांचे लग्न स्वित्झर्लंडमध्ये झाले असे काही ठिकाणी वाचले, तर काही ठिकाणी इटलीत. शिवाय ज्या लग्नाची छायाचित्रे मासिकात छापून आली, त्याला गुपचूप लग्न कसे म्हणायचे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही ठिकाणे बरोबर आहेत. बोवी यांचे घर तेव्हा स्वित्झर्लंडमधील लोझान येथे होते आणि तिथेच २४ एप्रिल १९९२ रोजी दोघांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. कायद्याने ती दोघे त्याच दिवशी पती-पत्नी झाली. त्यानंतर सहा आठवड्यांनी, ६ जूनला, इटलीतील फ्लॉरेन्स शहरातल्या सेंट जेम्स या अमेरिकन चर्चमध्ये आप्तेष्टांच्या साक्षीने धार्मिक सोहळा झाला. आधी रजिस्टर लग्न उरकून मग सवडीने नातेवाइकांना बोलावण्याची रीत आपल्याकडेही आहे, त्यामुळे मराठी वाचकाला यात नवल वाटू नये.

गुपचूप हा शब्द लागू पडतो तो लोझानच्या लग्नाला. फ्लॉरेन्सच्या सोहळ्याची छायाचित्रे ब्रिटनमधील ‘हॅलो’ने छापली आणि लोकांच्या लक्षात तीच राहिली. तरीही हा सोहळा मला घरगुतीच वाटतो, कारण बोवी यांची आई तिथे होती आणि नवरदेवाचा पाठराखा म्हणून उभा होता तो पहिल्या लग्नापासूनचा, नुकतीच एकविशी पूर्ण केलेला त्यांचा मुलगा. वधूचे माहेर सोमालियातले, वडील मुत्सद्दी. मोगादिशूत जन्मलेल्या इमान यांना १९७५ मध्ये नैरोबीत शिकत असताना एका अमेरिकन छायाचित्रकाराने हेरले आणि तेथून त्या फॅशनच्या जगात आल्या. बोवी यांची भेट झाली ती १९९० मध्ये लॉस एंजेलिसला, दोघांच्याही ओळखीच्या एका केशभूषाकाराने जुळवून आणलेल्या जेवणाच्या निमित्ताने.

मला या लग्नातली सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट वाटते ती तिथले संगीत. एक घराणे ख्रिस्ती, दुसरे मुसलमान; अशा वेळी चर्चमधल्या ठरावीक सुरावटींवर भागवण्याऐवजी बोवी यांनी विधीसाठी स्वतः संगीत रचले. पंचवीस वर्षे रंगमंचावर नाना सोंगे घेऊन वावरलेल्या या कलावंताने इथे मात्र कोणतेही सोंग घेतले नाही, असे ते ऐकताना माझ्या मनात येते. आपल्यालाही ते ऐकता येईल. एप्रिल १९९३ मध्ये आलेल्या ‘ब्लॅक टाय व्हाइट नॉइज’ या त्यांच्या अल्बमची सुरुवात याच संगीतातून घडलेल्या ‘द वेडिंग’ या रचनेने होते. त्यात चर्चच्या घंटा आहेत, बोवी यांचा सॅक्सोफोन आहे, शब्द मात्र नाहीत. शब्द येतात ते अल्बमच्या अखेरीस, त्याच सुरावटीवर बांधलेल्या ‘द वेडिंग साँग’ या गाण्यात, आणि ते गाणे इमान यांच्यासाठी आहे.