घोरता घोरता श्वास थांबतो तेव्हा

प्रश्न : माझे यजमान ४८ वर्षांचे असून ऐरोलीला नोकरी करतात. दोन वर्षांत त्यांचे घोरणे इतके वाढले आहे की, बाहेरच्या खोलीत सासूबाईंनाही ऐकू जाते. मध्येच आवाज बंद होतो आणि मग गुदमरल्यासारखे होऊन ते दचकून श्वास घेतात. सकाळी ठाण्याहून लोकलमध्ये बसताच डोळा लागतो. दोनदा ऐरोली मागे पडून ते घणसोलीला उतरले. घरचे म्हणतात, दमल्यामुळे माणूस घोरतो. हे खरे आहे का?
– एक भगिनी, ठाणे

उत्तर : दमणुकीने घोरणे वाढते, पण मूळ कारण वेगळे असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट अरुंद होते आणि त्यातून जाणाऱ्या हवेने मऊ टाळू व पडजीभ थरथरू लागतात. तोच हा आवाज. वाढलेले वजन, विशेषतः मानेभोवतीची चरबी, हे त्याचे मोठे कारण आहे. पुरुषाच्या मानेचा घेर १७ इंचांहून अधिक असेल तर धोका वाढतो, मात्र जबडा लहान किंवा मागे असलेली सडपातळ माणसेही घोरतात. नाकाचे वाकडे हाड, सततची सर्दी, धूम्रपान, रात्रीचे मद्य, झोपेच्या गोळ्या आणि उताणे झोपणे यांनीही त्रास वाढतो. स्त्रियांमध्ये पाळी गेल्यानंतर त्याचे प्रमाण वाढते.

तुमच्या पत्रात मला आवाजापेक्षा मधल्या शांततेची काळजी वाटते. त्या वेळी घसा जवळजवळ मिटलेला असतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू झोप मोडून श्वास सुरू करतो. असे रात्रभर घडत राहिले की सात-आठ तास अंथरुणावर काढूनही झोप पुरी होत नाही. गाडीत लागणारा डोळा बहुधा त्यामुळेच. दहा सेकंदांहून लांबलेले असे खंड तासाला पाच किंवा अधिक आढळले, तर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. उपचार न केल्यास त्यातून रक्तदाब वाढतो आणि हृदयविकार व पक्षाघाताचा धोकाही संभवतो.

एका रात्रीचे घोरणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून कान-नाक-घसा तज्ज्ञांना ऐकवा आणि झोपेच्या तपासणीविषयी विचारा. रक्तदाब व थायरॉइडही तपासून घ्या. निदान झाल्यास वजन घटवणे आणि रात्री मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र यांचा चांगला उपयोग होतो. तोवर यजमानांना घोडबंदर रस्त्यावर दुचाकी चालवू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.