पांढरी काठी असताना इलेक्ट्रॉनिक साधन घ्यावे का?

नजर कमी होत चालल्यामुळे तुम्ही नुकतीच पांढरी काठी हातात घेतली आहे आणि अडथळा आला की कंपनाने कळवणारे एखादे इलेक्ट्रॉनिक साधन घेतल्यास काठी घरी ठेवता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. काठी घरी ठेवता येणार नाही. काठीच्या जोडीला ते घ्यावे का, याचे उत्तर मात्र तुमचे कपाळ आणि खांदे कशाकशावर आदळतात यावर अवलंबून आहे. मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा, म्हणजे नजर हळूहळू नेणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, काठी वापरू लागून अकरा वर्षे झाली आणि गेली सहा वर्षे तिच्या मुठीवर श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीवर चालणारे एक उपकरण बसवलेले आहे; पुढे लिहिले आहे ते त्या अनुभवातून.

लांब काठी पावलागणिक डावी-उजवी फिरवत चालण्याची पद्धत रिचर्ड हूवर यांनी 1944 च्या सुमारास, युद्धात दृष्टी गेलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी बसवली. तिला आजही पर्याय सापडलेला नाही, कारण पुढचे पाऊल जिथे पडणार ती जमीन काठीचे टोक प्रत्यक्ष चाचपून पाहते: पायरीची कड, खड्डा, सैल खडी, ओली फरशी. समोर रोखलेल्या सेन्सरला समोरची वस्तू कळते. समोर काहीच नसणे, म्हणजे खाली जाणारा जिना, त्याच्या लेखी मोकळी वाट असते. 1970 च्या दशकातल्या, लेझर किरणांनी अडथळे शोधणाऱ्या काठीत खास उतार ओळखण्यासाठी खाली रोखलेला तिसरा किरण दिलेला होता, तरीही जिन्याच्या बाबतीत मी टोकावरच विसंबेन.

काठीची उणीव कमरेच्या वर आहे. बाहेर उघडलेल्या एका खिडकीच्या झडपेखालून माझी काठी अगदी विनातक्रार निघून गेली आणि झडपेची कड भुवईवर बसली. तीन टाके पडले. जिन्याची तिरपी खालची बाजू, उभ्या ट्रकचा मागे आलेला फाळका, झुकलेली फांदी यांना जमिनीवर पाय नसतात, म्हणून काठीला ती सापडत नाहीत. मी उपकरण घेतले ते एवढ्याच कामासाठी, आणि ते काम ते चांगले करते.

ते कसे चालते हे कळले की त्याच्या चुकाही आधीच ओळखता येतात. अशी बरीच उपकरणे सुमारे 40 किलोहर्ट्झचा, म्हणजे माणसाच्या कानाच्या मर्यादेच्या दुप्पट कंपनांचा ध्वनी सोडतात आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात. तीन मीटरवरच्या भिंतीचा प्रतिध्वनी साधारण 17 मिलिसेकंदांत परत येतो. भिंत गुळगुळीत असेल आणि तुम्ही तिच्याकडे तिरके चालत असाल, तर ध्वनी आरशावरच्या उजेडासारखा भलतीकडे निघून जातो आणि मूठ गप्प राहते. जाड लोकरीचे कपडे घातलेला माणूसही ध्वनी बराचसा शोषून घेतो. उलट काचेचे दार, जे लेझरला आणि कॅमेऱ्याला चकवू शकते, ते सरळ समोर असेल तर ध्वनीला चकवू शकत नाही. गर्दीत मात्र मूठ अखंड थरथरत राहते आणि त्या थरथरीला काही अर्थ उरत नाही. मी तिथे पल्ला अगदी कमी करतो किंवा सरळ बटण बंद करतो.

प्रकार पुष्कळ आहेत, पण निवड दोनच गोष्टींवर करावी. पहिली म्हणजे ते कुठे बसते. अल्ट्राकेन, स्मार्टकेन आणि वीवॉक ही उपकरणे काठीवरच असतात, त्यामुळे दुसरा हात मोकळा राहतो; मिनीगाइड हातात धरून टॉर्चसारखे रोखता येते, पण मग तो हात त्यातच अडकतो. मनगटावरची साधने मला मानवली नाहीत, कारण चालताना हात हलतो आणि त्याबरोबर सेन्सरही नको तिकडे पाहू लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे ते सांगते कसे. अल्ट्राकेनमध्ये समोरच्या आणि डोक्याच्या उंचीवरच्या अडथळ्यांसाठी दोन वेगळी कंपणारी बटणे आहेत, हे मला फार सोयीचे वाटते. संशोधक लेस्ली के यांच्या सोनिकगाइड चष्म्यासारखी जुनी साधने परिसराचे चित्र आवाजातून कानात देत. ती कल्पना मोठी देखणी होती, परंतु रस्ता ओलांडताना वाहनांचा अंदाज ज्या कानांनी घ्यायचा ते कान मी दुसऱ्या कशाला देणार नाही.

मोबाइलवरची दिशादर्शक ॲप्स हा वेगळा विषय आहे: ती रस्ता सांगतात, अडथळा नाही. उघड्या आकाशाखालीसुद्धा फोनच्या जीपीएसमध्ये पाचेक मीटरची चूक असते आणि उंच इमारतींमध्ये ती वाढते, म्हणून इमारतीपर्यंत पोहोचता येते, दार मात्र काठीनेच शोधावे लागते. शिवाय ॲप बंदही पडते: मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये आणलेली साउंडस्केप ही आसपासच्या जागा आवाजाने सांगणारी उत्तम सेवा 2023 मध्ये थांबवली; तिचा कोड खुला केल्यामुळे इतरांनी ती पुढे चालवली, एवढेच सुदैव.

आधी काठीचे प्रशिक्षण पूर्ण करा, मग शक्य झाल्यास उपकरण दोन आठवडे उसने आणा. पहिले काही दिवस ओळखीच्या कॉरिडॉरमध्ये एकाच भिंतीकडे सरळ आणि मग तिरके चालून पाहा, म्हणजे मूठ केव्हा गप्प राहते ते हाताला कळेल. आणि नजर मधुमेहामुळे जात असेल, तर हे आवर्जून तपासा: मधुमेहात बोटांची संवेदनाही कमी होऊ शकते, आणि दुकानात शांत उभे असताना जाणवलेले कंपन चालताना, काठी जमिनीवर आपटत असताना जाणवेलच असे नाही. तसे झाल्यास कंपनाऐवजी आवाजाचा पर्याय असलेले उपकरण पाहावे लागेल, आणि माझे कानांविषयीचे मत तुम्हाला लागू होणार नाही.